चक्कुबंदी

कागद कानडीत आहे. बत्तीस पानं.
बाँड रायटर हंचिनमनी चष्मा कपाळावर सरकवून
वाचून दाखवतो, आधी त्याच्या भाषेत भराभर,
मग माझ्या भाषेत, चढावर सायकल
हातात धरून चालल्यासारखा.

मी उद्यमबागेत पॅटर्न मेकर. लाकडाचे साचे करतो.
ओतलेलं लोखंड निवताना आकसतं,
म्हणून साच्याचं माप आधीच थोडं जास्त ठेवतो.
हे बिल्डरला कुणी सांगितलं नसावं.
हॉल कागदावर बारा फूट,
माझ्या टेपवर अकरा फूट नऊ इंच.
"गिलाव्यात जातंय की वो तेवढं," मुतगेकर म्हणाला,
"ते काय सोनं हाय?"
तीन इंच.
आता कपाटाचं एक दार अर्धंच उघडणार.

वकीलबाई अष्टेकरांनी तीस वर्षांचा ई.सी. मागवला,
आणि त्यामागची जुनी खरेदीपत्रंही.
सगळ्यात तळाला एक भाताचं शेत निघालं:
गंगव्वा कोम बसप्पा, डाव्या हाताचा अंगठा,
निळा, थोडा फिसकटलेला,
जणू सही करताना तिला कुणी हाक मारली होती.
शेवटच्या रकान्यात शिक्का: बोजा निरंक.
जमिनीवर काही बोजा नाही.
वर चार मजले उभे.

आधारवर मी परशराम कणबरकर,
पॅनवर परशुराम कणबर्गी.
शंभराच्या बाँडवर शपथेवर लिहून दिलं
की ही दोन्ही माणसं एकच.
नोटरीने वर न बघता शिक्का मारला.
चौपन्न वर्षांत हे मला
कुणी विचारलंच नव्हतं.

ओ.सी. येईपर्यंत सही करायची नाही, वकीलबाई म्हणाल्या.
मुतगेकर म्हणाला, पुढच्या सोमवारी.
असे अकरा सोमवार.
वडगावच्या भाड्याच्या खोलीत रेणुकाने
बांधलेली भांडी सोडली, पुन्हा बांधली,
शेवटी एक कढई आणि दोन ताटल्यांवरच
आमचा संसार चालला.
बाराव्या सोमवारी सर्व्हर बंद होता.
ओ.सी. मंगळवारी आलं.

आता हंचिनमनी चक्कुबंदीपाशी पोचलाय.
इथे मात्र मी त्याला तर्जुमा करू दिला नाही.
पूर्वक्के, लिफ्ट.
पश्चिमक्के, फ्लॅट तीनशे एक, अजून विकायचा.
उत्तरक्के, जिना आणि सामायिक बोळ.
दक्षिणक्के, अंतराळ.
"अंतराळ?"
"फ्लॅटला तसंच लिवतात," तो म्हणाला,
"तिकडं कुणाचंच काय नाही."

आमच्याकडे एका सीमेचा वाद माझ्याहून वयाने मोठा.
वडिलांनी त्यापायी दोन रात्री हिंडलग्यात काढल्या
आणि मरेपर्यंत तारखा
पंचांगासारख्या पाहिल्या.
माझ्या चार सीमा
वीस मिनिटांत ठरल्या. हंचिनमनीने
खाली नीट रेघ ओढली.
वडिलांना हे कसं सांगितलं असतं, माहीत नाही.

"इल्लि नोडरी," कारकून म्हणाली.
मी कॅमेऱ्यात बघितलं, नेमका डोळा मिटला.
मग अंगठा. गंगव्वाच्या अंगठ्याखाली शाई होती,
माझ्याखाली गार काच, एक हिरवा दिवा.
बत्तीस पानांवर बत्तीस सह्या, मराठीतून.
कुणी काही बोललं नाही.
रेणुका साक्षीदारांच्या बाकावरून पानं बघत होती.
"मने म्हणजे घर ना हो?"
तिला एवढं एक अक्षर लागलं होतं.
"सतरा वेळा आलंय," ती म्हणाली.

संध्याकाळी किल्ली मिळाली.
रिकाम्या हॉलमध्ये तिने टेपचं एक टोक धरलं,
दुसरं मी.
अकरा फूट नऊ.
"असू दे," ती म्हणाली,
"निवताना आकसलं असेल."

मग दक्षिणेची खिडकी उघडली.
अंतराळात, हात पोचेल एवढ्यावर,
कुणाचं तरी लुगडं वाळत होतं.